सातापैकी सात

मी रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलचा प्रमुख होतो, आणि माझ्या सहीने बाहेर पडलेला एकही लॉट कधी परत आलेला नाही! हे मी स्वतःच सांगतो, कारण सांगणारं दुसरं आता कोणी उरलेलं नाही. पाचशे किलोच्या पिंपातला एक चमचा रंग काचेवर ओढायचा, उजेडात धरायचा आणि निकाल द्यायचा. मालक मागे उभे राहून म्हणायचे, त्र्यंबकराव, आणखी दोन ठिकाणचा घेऊन बघा ना. मी म्हणायचो, गरज नाही, एका चमच्यात पिंपाची सगळी कुंडली असते. या माझ्या स्वभावाबद्दल बायकोचं मत जरा वेगळं आहे, पण ते पुढे येईलच.

बायकोचं नाव मंदाकिनी. आम्ही डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, मधुमालती सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. तळमजला, वर चार मजले, दोन विंगा, लिफ्ट नाही. घर घेतलं तेव्हा सगळ्यांचेच गुडघे तरुण होते, त्यामुळे लिफ्टचा विषय कोणाच्या डोक्यात आला नाही.

मंदाचा उजवा गुडघा बरीच वर्षं कुरकुरत होता. यंदा गणपतीनंतर त्याने संपच पुकारला. आधी ती कठड्याला दोन्ही हातांनी धरून, आडवी होऊन जिना उतरायची आणि दर मजल्यावर थांबायची. मग उतरणंच बंद झालं. भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर यायला लागली, मैत्रिणी फोनवर भेटायला लागल्या, आणि मंदा दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागली. तिथून फाटक, कट्टा आणि दोन्ही विंगांच्या जिन्यांची तोंडं दिसतात. तिची धाकटी बहीण शीला खडवलीला असते. एकदा मी म्हणालो, बरं वाटलं की तुला शीलाकडे नेतो, चार दिवस राहा.

"खडवली राहू दे हो," ती म्हणाली. "मला नुसतं खाली उतरायचंय."

हे ती हसत म्हणाली, पण मला तिच्याकडे बघवलं नाही.

आमची मुलगी आसावरी ठाण्याला असते. तिने तिकडच्या डॉक्टर निशिगंधा सामंत यांची वेळ घेतली. मंदाला खुर्चीत बसवून चौघांनी खाली उतरवलं तेव्हा अख्खी सोसायटी बघत होती, आणि मंदाने सबंध वेळ डोळे मिटून घेतले होते. डॉक्टरीणबाई वयाने आमच्या आसावरीएवढ्या. एक्स-रे दिव्यावर लावून त्या म्हणाल्या की सांधा पार झिजलाय, बदलावा लागेल. मग त्यांनी सगळं शांतपणे समजावलं. बहुतेकांना चांगला गुण येतो, काही महिन्यांत जिना चढता-उतरता येतो, पण शंभरात एक-दोघांना जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि ते आधी सांगणं माझं काम आहे. त्यांनी याच्या आधीही बरंच सांगितलं होतं आणि नंतरही. मी एवढंच ऐकलं. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात फक्त ती दोन माणसं होती, आणि त्यातलं एक माणूस मंदा होती.

मला भीती वाटत होती. इतक्या वर्षांच्या संसारात मंदा भूल घेऊन आत आणि मी बाहेर बाकावर, अशी पाळी कधी आली नव्हती. आसावरीच्या वेळी ती माहेरी होती आणि मी कारखान्यात. पण भीती वाटते असं म्हणायची माझी पद्धत नाही. मी म्हणालो, घाई नको, आधी अभ्यास करू.

अभ्यासाचं साहित्य गुणाजींनी पुरवलं. गुणाजी पहिल्या मजल्यावर राहतात. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेत आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर त्यांच्या मोबाईलमध्ये एखादा पाला असतो. एरवी मी त्यांच्या मेसेजना भीक घालत नाही. पण यावेळी त्यांनी पाठवला तो चक्क शोधनिबंध होता! इंग्रजीत, तक्ते, आलेख, नावांपुढे पदव्या. गुडघेदुखीवर निरगुडीचा पाला, लसूण आणि मोहरी वाटून केलेला लेप. बारा जणांनी लावला, नऊ जणांना आराम. म्हणजे पंचाहत्तर टक्के. हे सगळं पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होतं, त्यामुळे पुढची पानं उघडायची गरज पडली नाही.

आसावरीला फोन केला तर ती म्हणाली, "बाबा, बाराच लोक आहेत."

मी तिला पिंप आणि चमचा समजावून सांगितला. एका चमच्यावर मी आयुष्यभर निकाल दिले, इथे तर बारा चमचे आहेत. ती पलीकडे गप्प राहिली. हे गप्प राहणं तिने आईकडून घेतलंय.

आता गंमत बघा. शंभरातल्या दोघांत मंदाला बसवायला मला एक क्षण लागला नव्हता. आणि बारातल्या नऊ जणांत बसवायलाही लागला नाही. उरलेले तिघे कोण, याचा मी विचारच केला नाही. कोणीतरी लोक असतील.

मी ठाण्याला फोन करून ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली आणि मग मंदाला सांगितलं. तिने विचारलं, कधीपर्यंत? मी म्हणालो, निकाल लागेपर्यंत. तिने कसला निकाल हेसुद्धा विचारलं नाही, शेंगा सोलत राहिली.

पण मी काही आंधळा विश्वास ठेवणारा माणूस नाही. दुसऱ्याच्या लॅबचा रिपोर्ट मी कधी तसाच घेतला नाही, आपल्या काचेवर ओढून बघितल्याशिवाय सही नाही. तेव्हा तोच प्रयोग मधुमालतीत करायचं ठरलं. आमच्याकडे गुडघ्यांना तोटा नाही. रविवारी कट्ट्यावर मी छोटंसं भाषण केलं, वरच्या मजल्यांवर घरोघर जाऊन विचारलं आणि सोळा जण तयार झाले. पहिला नंबर अर्थात मंदाचा. दुसरा आमच्या डोक्यावर चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या महिपतरावांचा. महिपतराव माझे जुने मित्र, संध्याकाळचा चहा आम्ही वर्षानुवर्षं एकत्र घेतलाय. आजकाल मात्र मीच वर जायचो, कारण त्यांनाही उतरवत नव्हतं. ते म्हणाले, "त्र्यंबक, तू म्हणतोस ना, मग लावतो. तुझा लॉट कधी परत आलाय?"

खडवलीहून शीलाने निरगुडीची गाठोडी पाठवली. पहाटे उठून मी मिक्सर लावायचो. पाला, लसूण, मोहरी. मग कढईत तेलावर परतायचं आणि सोळा डब्यांत भरून घरोघर दाराशी ठेवून यायचं; या धांदलीत महिपतरावांकडचा चहासुद्धा राहून गेला. कारखाना सुटल्यापासून इतका उत्साह मला कधीच वाटला नव्हता. पॅरॅशूट तेलाच्या रिकाम्या डब्या मी धुवून घेतल्या, प्रत्येकीवर फ्लॅट नंबर चिकटवला, आणि मिश्रण दर वेळी एकसारखं व्हावं म्हणून आसावरीच्या लहानपणचा तराजू माळ्यावरून काढला.

वासाचा मात्र मी विचार केला नव्हता. डोंबिवलीच्या माणसाचं नाक फार जागरूक. हवेत जरा काही वेगळं आलं की तो आधी खिडक्या लावतो आणि मग कुठल्या कारखान्याचं काम असेल यावर बोलायला लागतो. तीन दिवस आजूबाजूच्या इमारतींत खिडक्या बंद होत्या. आमचे सेक्रेटरी देवेश अगदी कर्तव्यदक्ष, त्यांनी कुठेतरी फोन करून गॅसगळतीची तक्रार दिली. दोन अधिकारी हातात यंत्र घेऊन आले, फाटकातून जिन्यात आले, जिन्यातून वर आले आणि आमच्या दारासमोर येऊन थांबले. मी कारखान्यात असताना कधी असा माणूस माझ्या दारात आला नव्हता! त्यांनी विचारलं, पूर्वी कुठे नोकरीला होतात? मी खरं ते सांगितलं आणि त्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग त्यांनी स्वयंपाकघरातला ओटा, सिंक आणि माळासुद्धा तपासला. शेवटी मंदाने कढईवरचं झाकण काढून दाखवलं. साहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. जाताना त्यांच्यातल्या मोठ्याने हळूच विचारलं की हे कंबरेला चालतं का.

त्यामुळे प्रयोगाची कीर्ती वाढली.

दर रविवारी सकाळी कट्ट्यावर मी निकाल घ्यायचो. गुडघेवाल्यांनी यायचं, मी सर्वांना चहा आणि उपमा द्यायचा, आणि मग एकेकाला विचारायचं: फरक? पहिल्या रविवारी बरेच जण आले होते. वरच्या मजल्यांवरचेही काहीजण कठडा धरून, दम खात उतरले होते. फरक विचारल्यावर माणसं आधी हातातल्या बशीकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि म्हणायची, आहे आहे. गुणाजी तर आकड्यातच सांगायचे. पन्नास टक्के. पुढच्या रविवारी साठ. पुढे पुढे माणसं कमी होत गेली, पण फरक वाढत गेला. शेवटच्या रविवारी कट्ट्यावर सात जण होते आणि मी विचारल्याबरोबर सातही हात वर गेले.

सातापैकी सात! परदेशातल्या लोकांना पंचाहत्तर टक्के, मधुमालतीत शंभर!

"बाकीचे कुठे गेले?" मी एकदा विचारलं, अगदीच विचारलं नाही असं नाही.

"बरे झाले असणार," गुणाजी म्हणाले. "बरा झालेला माणूस कट्ट्यावर कशाला बसेल, त्र्यंबकराव? फिरायला गेले असतील."

मला ते पटलं. कारखान्यातही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही की माल चांगला, असंच आम्ही धरायचो. मंदाला मी घरी आल्यावर निकाल सांगितला. ती म्हणाली, बरं झालं. मी तिला विचारलं, तुझं कसं आहे? ती म्हणाली, ठीक आहे. तिचं ठीक आहे हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकत आलोय की त्यात ऐकण्यासारखं काही असेल असं मला वाटलं नाही.

शहाडच्या एका भजनी मंडळाने लेपाची चौकशी केली. एका ज्येष्ठ नागरिक संघाने व्याख्यानाला बोलावलं. आणि गुणाजींनी माझा सत्कार ठरवला. कट्ट्यावरच, पण माइक लावून. शाल, श्रीफळ, प्रत्येकाला एकेक बटाटेवडा. मी नको नको म्हणत नवा कुडता इस्त्री करून घेतला.

सत्काराच्या दिवशी बाहेरचेही लोक आले होते. आमचे सातजण पहिल्या रांगेत गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. गुणाजींनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि मी माइकसमोर उभा राहिलो. मी पिंपापासून सुरुवात केली. चमच्यावर आलो. मग आवाज जरा चढवून म्हणालो की आमच्या अभ्यासात प्रत्येक रुग्णाला गुण आला आणि एकालाही कसला त्रास झाला नाही.

तेवढ्यात कुडत्याच्या खिशात फोन वाजला. मंदाचा. भर सभेत ती कधी फोन करत नाही, म्हणून मी घेतला.

"अहो," ती म्हणाली, "जरा वर बघा."

मी वर बघितलं. आमच्या गॅलरीत मंदा खुर्चीवर बसली होती. तिच्या वर, चौथ्या मजल्यावर महिपतराव कठड्याला टेकून बसले होते, त्यांचा पाय समोरच्या स्टुलावर होता आणि गुडघ्याला पांढरं फडकं गुंडाळलेलं होतं. पलीकडच्या गॅलरीत एक, त्याच्या खाली एक. बी विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर दोघी बहिणी शेजारी शेजारी. मी वर बघतोय म्हणून पहिली रांगही वर बघायला लागली, मग सगळी सभा. मी मोजलं. मोजायची सवयच आहे. नऊ माणसं होती. मी हात केला असं वाटून महिपतरावांनी वरून हात हलवला आणि टाळ्या वाजवल्या. मग बाकीच्या गॅलऱ्यांतूनही टाळ्या आल्या.

पुढे मी काय बोललो ते मला आठवत नाही. आभार मानले असावेत. शाल तशीच खांद्यावर आणि नारळ हातात, असा मी जिना चढून घरी आलो.

मंदा गॅलरीतून आत आली नव्हती. मी तिच्यासमोर स्टुलावर बसलो आणि म्हणालो की हे लोक मला बोलले का नाहीत?

"कुठे बोलणार? तुम्ही विचारता कट्ट्यावर. कट्ट्यावर येतो कोण? ज्याला उतरता येतं तो." ती बोटावर मोजायला लागली. "तुमचे ते सात आहेत ना, एकूण एक तळमजल्यावरचे आणि पहिल्या मजल्यावरचे आहेत. गुणाजी भाऊजी तर लेप लावायच्या आधीही रोज स्टेशनापर्यंत चालत जात होते. मी बघते ना इथून."

मी विचारलं, "आणि वरच्यांचं?"

"कोणाचं जैसे थे. कोणाची आग होते. महिपत भाऊजींचा पाय सुजलाय. आमचं रोज फोनवर बोलणं होतं, सगळ्या वरच्यांचं."

"मग तू तरी मला सांगायचंस."

मंदा थोडा वेळ खाली कट्ट्याकडे बघत राहिली. तिथे वडे वाटायला सुरुवात झाली होती.

"तुम्ही सातापैकी सात म्हणालात," ती म्हणाली. "मी कितवी हो त्यात?"

मी आकडा मनात पुन्हा केला. सोळा डब्या होत्या, पहिली डबी तिची होती, मी स्वतः भरलेली. सातात ती नव्हती. ती खाली आली नव्हती म्हणून मी तिला धरलं नव्हतं. ज्या बाईला खाली उतरता यावं म्हणून हे सगळं केलं, तीच बाई खाली उतरली नाही म्हणून हिशेबातून गेली होती, आणि मी तिला घरी येऊन शंभर टक्के म्हणून सांगितलं होतं. मला फार लाज वाटली. इतकी की शाल काढून कुठे ठेवावी तेही कळेना.

मग तिने साडी गुडघ्याच्या वर सरकवली. गुडघ्यावरची कातडी लाल होऊन सोलवटली होती आणि दोन ठिकाणी मोठे फोड आले होते. लसूण आणि मोहरी.

"अगं, लावायचं बंद का नाही केलंस?"

"तुम्ही पहाटे उठून वाटत होतात," मंदा म्हणाली. "किती वर्षांनी तुम्हाला असं खुशीत बघितलं. नाही म्हणवेना."

मी वर गेलो. महिपतरावांनी दार उघडायलाच बराच वेळ घेतला. त्यांचा पाय बघून मी रागावलो, म्हणजे रागावण्याशिवाय दुसरं काही करता येईना. ते म्हणाले, तुझा आकडा बिघडला असता रे, आणि लेपाने माझं काय वाईट व्हायचंय, गुडघा तसाही कामातून गेलेलाच होता. मग म्हणाले, सत्कार छान झाला, माइकचा आवाज वरपर्यंत स्वच्छ येत होता.

आसावरी दुसऱ्याच दिवशी आली आणि आम्हाला ठाण्याला घेऊन गेली. मंदाला पुन्हा खुर्चीतून उतरवावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी गुडघा बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला. त्या म्हणाल्या की ही त्वचा पूर्ण भरून आल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नाही, कारण अशा जखमेतून जंतू आत जायला वाट मिळते. म्हणजे ज्या जंतुसंसर्गाला घाबरून मी तारीख ढकलली होती, त्याच्यासाठी मंदाच्या गुडघ्यावर दार मीच उघडून ठेवलं होतं. मी आसावरीकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे बघतच होती.

डॉक्टर मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी तो निबंध मागितला. आसावरीने मोबाईलवर काढून दिला. त्यांनी पहिलं पान बघितलंच नाही, सरळ आतली पानं उघडली.

"काका, सुरुवातीला किती जण होते, बघितलंत?"

"बारा."

"चाळीस. अठ्ठावीस जण मधेच सोडून गेले. का गेले ते कोणी विचारलं नाही. उरलेल्या बारांतल्या नऊ जणांना बरं वाटलं. आणि लेप न लावणारे लोक ठेवलेच नव्हते, त्यामुळे त्या नऊ जणांना लेपाशिवायही बरं वाटलं असतं का, ते कळायला वाव नाही. गुडघा काही दिवस आपोआपही कमी दुखतो." त्यांनी फोन परत दिला. "लिहिणाऱ्यांनी लपवलेलं नाहीये. शेवटी लिहिलंय की यावरून काही ठरवू नका, मोठा अभ्यास करायला हवा."

मी म्हणालो की कारखान्यात मी एका चमच्यावर पाचशे किलो पास करायचो.

"तुमचं पिंप ढवळलेलं असायचं ना?"

"अर्थात. आधी तासभर मिक्सर फिरवायचा."

"माणसं ढवळता येत नाहीत," त्या म्हणाल्या, "म्हणून आम्हाला पुष्कळ लागतात."

मंदा खुर्चीत पुढे सरकली. ती म्हणाली, "डॉक्टर, ते शंभरातले दोघं ह्यांना परत एकदा सांगा. हे मला कायम त्याच दोघांत बसवतात."

तेव्हा मी बोललो. मुलीसमोर आणि मुलीच्या वयाच्या डॉक्टरसमोर बोललो की मला भीती वाटते, मंदाला आत नेलं आणि काही झालं तर मी घरी जाऊन काय करू. आसावरीने माझा हात धरला. डॉक्टर म्हणाल्या, दोघं शंभरांतले आहेत हे खरं, आणि त्यात काकू नसतीलच असं वचन मी देणार नाही. पण मंदाला साखर नाही, वजन बेताचं आहे, हृदय चांगलं आहे, त्यामुळे तिचा धोका वाढवणारं काही दिसत नाही. आणि ऑपरेशन न करण्यालाही धोका असतो, तो कोणी आकड्यात सांगत नाही. मंदा म्हणाली, मला माहितेय तो कसा असतो, मी त्याच्यात बसूनच असते.

त्वचा भरून यायला वेळ लागला. त्या काळात मी पहाटे उठायचो आणि काही वाटायचो नाही. घरोघर जाऊन, जिने चढून, मी लेप बंद करायला सांगितलं. सात जणांनी फार वाईट वाटून घेतलं.

ऑपरेशनच्या दिवशी मी बाकावर बसलो होतो. त्या वेळेबद्दल मी काही सांगणार नाही. बाहेर आल्यावर मंदाने पाणी मागितलं आणि भूल पुरती उतरायच्या आत विचारलं की गॅस बंद करून आलात ना. तिथे मी रडलो.

मग व्यायाम. वॉकर, काठी, गॅलरीपर्यंत, दारापर्यंत, एक पायरी, पाच पायऱ्या. रोज दुखायचं आणि रोज ती करायची. महिपतराव वरून फोनवर चौकशी करायचे. एकदा म्हणाले की वहिनींना गुण आला म्हणजे मीही करून टाकतो. मी त्यांच्यावर असा ओरडलो की मंदा आतून बाहेर आली. एका माणसावरून काही ठरवायचं नाही, मी म्हणालो, तुमची साखर वेगळी, तुमचं हृदय वेगळं, आधी डॉक्टरांना तुमचा गुडघा दाखवा. त्यांनी आसावरीकडून वेळ घेतली. ते पुढे काय करतील ते त्यांचं आणि डॉक्टरांचं.

आणि एका रविवारी सकाळी मंदा म्हणाली, चला. मी पुढे, ती मागे. तिने एका हाताने कठडा धरला होता, दुसऱ्यात काठी. तिसरा मजला, दुसरा, पहिला. कुठे थांबली नाही असं नाही, पण आडवी होऊन उतरली नाही. खाली आल्यावर ती फाटकापर्यंत चालत गेली, रस्त्यावर उगाच डावीकडे-उजवीकडे बघितलं आणि परत येऊन कट्ट्यावर बसली. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, मी आयुष्यात जे काही पास केलं ते सगळं परत आलं तरी चालेल.

कट्ट्यावर आमचे सातजण होतेच. गुणाजी उठून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आठ," ते म्हणाले. "आठापैकी आठ. बघा, वहिनीही उतरल्या."

मी त्यांना खाली बसवलं. म्हटलं, आता हे नीट सांगितलंच पाहिजे. आणि मी सगळं सांगितलं. वरच्या नऊ जणांचं, फोडांचं, ढकललेल्या तारखेचं, निबंधातल्या निघून गेलेल्या अठ्ठावीस जणांचं. मी मोजण्यात चुकलो हे मी माझ्या तोंडाने, कट्ट्यावर, सगळ्यांसमोर म्हणालो. सातही जणांनी मान हलवत, मधे एक शब्द न बोलता ऐकलं. मंदासुद्धा माझ्याकडे कौतुकाने बघत होती.

माझं बोलून झालं. मग गुणाजींनी घसा साफ केला.

"म्हणजे त्र्यंबकराव," त्यांनी विचारलं, "ऑपरेशनच्या आधी लेप किती दिवस लावायचा?"